काउंटी आरोग्य मंडळ : अमेरिकेच्या दक्षिण भागातील लोकारोग्याची मोहीम आणि यंत्रणा

लोकारोग्याच्या इतिहासात रोगजंतूंच्या शोधांना जे मानाचे स्थान मिळते, ते त्या शोधांचा लाभ खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत पोचविणाऱ्या स्थानिक संस्थांना क्वचितच मिळते. विषमज्वर मानवी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून व अन्नातून पसरतो हे विसाव्या शतकाच्या प्रारंभी वैद्यकशास्त्राला पूर्णपणे ठाऊक होते. तरीही ग्रामीण अमेरिकेत हा रोग दरवर्षी नेमाने येत असे. उणीव ज्ञानाची नव्हती; ते ज्ञान वर्षाचे बाराही महिने राबविणाऱ्या यंत्रणेची होती. ही उणीव भरून काढण्याचे कार्य ज्या संस्थेकडे आले ती संस्था म्हणजे काउंटी आरोग्य मंडळ होय. या मंडळाची घडण कशी झाली, त्याचे बळ कशात होते आणि त्याच बळातून कोणता धोका उद्भवला, याचा विचार येथे मुख्यतः दक्षिणेकडील राज्यांच्या संदर्भात केला आहे.

१. मंडळाचे मूळ स्वरूप

काउंटी हा अमेरिकेतील राज्यशासनाखालचा स्थानिक कारभाराचा घटक होय. दक्षिणेकडील राज्यांत तिचा विस्तार बहुधा महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याएवढा असतो. न्यायालय, करवसुली, रस्ते, शाळा आणि तुरुंग हा तिचा परंपरागत कारभार. आरोग्याचा विषय या यादीत उशिरा आला आणि आला तोही नावापुरताच. उत्तर कॅरोलायना राज्याने १८७७ मध्ये राज्य आरोग्य मंडळ स्थापन केले, तेव्हा त्याच्या वार्षिक खर्चासाठी अवघे शंभर डॉलर मंजूर झाले होते. काउंटीच्या पातळीवर जो वैद्य नेमला जाई तो खाजगी व्यवसाय सांभाळून हे काम करी. तुरुंगातील कैदी व अनाथगृहातील निराश्रित यांची तपासणी करणे आणि देवीची साथ आल्यास रोग्यास विलग ठेवणे, एवढ्यावर त्याचे कर्तव्य संपे. शेजाऱ्याच्या विहिरीविषयी किंवा शौचकूपाविषयी कठोर बोलणे त्याला परवडणारे नव्हते, कारण तोच शेजारी त्याचा उद्याचा रोगी असे.

१९११ मध्ये उत्तर कॅरोलायनात झालेल्या कायद्याने काउंटी मंडळाला निश्चित रूप दिले. काउंटीच्या कारभारी मंडळाचा अध्यक्ष, मुख्य गावाचा महापौर आणि शाळांचा अधीक्षक हे तिघे पदसिद्ध सभासद. या तिघांनी दोन वैद्य निवडावयाचे आणि पाचांचे मंडळ पुरे करावयाचे, अशी ही रचना होती. तीत तिजोरी, नगर, शाळा आणि वैद्यक यांचे प्रतिनिधी एकत्र बसत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राज्य मंडळाचे चिटणीस वॉटसन स्मिथ रँकिन यांचा आग्रह असा की, काउंटीने अर्धवेळ वैद्याऐवजी पूर्णवेळ अधिकारी नेमावा. या आग्रहाला अनुकूल वातावरण मात्र एका निराळ्याच घटनेने निर्माण केले.

२. अंकुशकृमींविरुद्धची मोहीम

१९०२ मध्ये चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स यांनी अमेरिकेत आढळणाऱ्या अंकुशकृमीचे शास्त्रीय वर्णन केले आणि दक्षिणेतील गरीब शेतकऱ्यांच्या प्रसिद्ध ‘आळसा’च्या मुळाशी हा कृमी असल्याचे प्रतिपादन केले. या कृमीची अंडी विष्ठेवाटे जमिनीत पडतात, ओलसर व उबदार मातीत अळ्या तयार होतात आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायाच्या त्वचेतून त्या शरीरात शिरतात. पुढे आतड्यात राहून कृमी रक्त शोषतो. रोगी पांढराफटक व अशक्त होतो आणि मुलांची वाढ खुंटते.

ऑक्टोबर १९०९ मध्ये जॉन डी. रॉकफेलर यांनी दिलेल्या दहा लक्ष डॉलरच्या देणगीतून या रोगाच्या निर्मूलनासाठी एक आयोग स्थापन झाला. विक्लिफ रोझ हे त्याचे प्रशासकीय चिटणीस. रोझ यांनी आरंभीच एक धोरण ठरविले : आयोगाने स्वतः कारभार चालवावयाचा नाही, राज्यांच्या आरोग्य मंडळांमार्फत तो चालवावयाचा आणि काउंटीनेही खर्चाचा काही भाग उचलावयाचा. त्यामुळे आयोगाच्या अधिकाऱ्यास प्रथम काउंटीच्या कारभाऱ्यांपुढे उभे राहून थोडी रक्कम मंजूर करून घ्यावी लागे. मंजुरी मिळाली की, काउंटीतील काही ठराविक गावी आठवड्यातून एकेक दिवस दवाखाना भरे. लोक डबीतून विष्ठेचा नमुना आणीत, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत आणि थायमॉलच्या पुड्या व रेचक मीठ घेऊन परतत. कुटुंबेच्या कुटुंबे गाड्या जुंपून येत; शिदोरी सोडून दिवसभर तेथेच राहत. दवाखान्याच्या दिवसाला जत्रेचे स्वरूप येई.

१९१० ते १९१४ या काळात अकरा राज्यांत हे कार्य चालले. सुमारे सहाशे काउंट्यांत तपासलेल्या साडेपाच लक्षांच्या आसपास मुलांपैकी शेकडा ३९ मुले रोगग्रस्त आढळली आणि एकंदर सुमारे सात लक्ष लोकांवर उपचार झाले. हे आकडे मोठे आहेत, यात संदेह नाही. परंतु औषधाने पोटातील कृमी पडला, तरी अंगणातील माती होती तशीच राहिली. शौचकूप नसलेल्या घरातील मूल पुन्हा त्याच मातीत अनवाणी खेळे आणि पुन्हा रोगग्रस्त होई. मोहीम संपली तेव्हा निर्मूलनाचे उद्दिष्ट दूरच होते. मोहिमेचे खरे फलित वेगळे होते. आरोग्यासाठी काउंटीच्या तिजोरीतून पैसा खर्च करता येतो, आणि लोक तो खर्च वाया गेला असे मानीत नाहीत, हे प्रथमच शेकडो कारभारी मंडळांच्या अनुभवास आले.

३. पूर्णवेळ अधिकाऱ्याचा उदय

याच सुमारास दूर वायव्येला वॉशिंग्टन राज्यातील याकिमा काउंटीत विषमज्वराचा प्रादुर्भाव झाला. केंद्रीय आरोग्यसेवेतील लेस्ली लम्सडेन यांनी १९११ मध्ये तेथे तपास केला. उघडे शौचकूप, त्यांवर बसणाऱ्या माश्या आणि दूषित पाणी ही कारणे त्यांनी दाखविली, परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. हा रोग कायमचा आटोक्यात ठेवावयाचा तर पूर्णवेळ काउंटी आरोग्याधिकारी नेमला पाहिजे, असे त्यांनी सांगितले आणि काउंटीने ते त्याच वर्षी मान्य केले. त्याच वर्षी उत्तर कॅरोलायनातील गिलफर्ड काउंटीनेही पूर्णवेळ अधिकारी नेमला. केंटकीतील जेफर्सन काउंटीचा दावा १९०८ चा आहे. मात्र तीत लुइव्हिल हे मोठे शहर असल्याने निव्वळ ग्रामीण संस्थेचे उदाहरण म्हणून तो घेता येत नाही. त्या दृष्टीने १९१२ मध्ये पूर्णवेळ आरोग्य विभाग सुरू करणारी रॉबेसन ही अधिक बोलकी काउंटी होय. ती शेतीप्रधान होती आणि तेथील गोरे, कृष्णवर्णीय व मूळचे इंडियन अशा तीन समाजांसाठी शाळाही तीन प्रकारच्या होत्या. प्रथमत्वाच्या वादापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, एकमेकांपासून दूर असलेल्या या ठिकाणी चार-पाच वर्षांच्या आत एकच निष्कर्ष निघाला.

लम्सडेन यांनी पुढे १९१४ ते १९१६ या काळात पंधरा काउंट्यांतील पन्नास हजारांहून अधिक शेतकरी घरांची पाहणी केली. विष्ठेची निर्धोक विल्हेवाट होत असलेली घरे त्यांत शंभरात जेमतेम एक निघाली. अशा परिस्थितीत वर्षातून एकदा येणारी मोहीम कितपत पुरी पडणार होती, हे सांगावयास नको.

४. दैनंदिन कार्य

पूर्णवेळ विभागाचा परिवार लहान असे : एक वैद्य अधिकारी, एकदोन परिचारिका, एक स्वच्छता निरीक्षक आणि एक लेखनिक. त्यांच्या कामाचा पाया जन्ममृत्यूंच्या नोंदीत होता, कारण कोठे कोण कशाने मरतो हे कळल्याविना पुढचे पाऊल टाकता येत नाही. निरीक्षक घरोघर जाऊन शौचकूपाचा खड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे आणि त्याला माश्या शिरणार नाहीत असे झाकण आहे की नाही, हे पाही. शाळांतून मुलांचे डोळे, दात व घसा यांची तपासणी होई. विषमज्वराची व पुढे घटसर्पाची लस टोचली जाई.

१९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्याने माता व बालके यांच्यासाठी केंद्रीय अनुदान मिळू लागले. तेव्हापासून दक्षिणेत काउंटीच्या परिचारिकेकडे सुइणींच्या शिक्षणाचे काम आले. या सुइणी बहुतांश वृद्ध कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. त्यांचे वर्ग घेणे, पिशवीतील साहित्य स्वच्छ आहे की नाही हे पाहणे, नवजात अर्भकाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालण्यास शिकविणे, अशा साध्या कामांतून परिचारिकेचा प्रवेश ज्या घरांत वैद्य कधीच पोचला नव्हता त्या घरांत झाला. हा कायदा १९२९ मध्ये संपुष्टात आला, तरी ज्या काउंट्यांत कायम परिचारिका होती तेथे ही वाट पुरती बुजली नाही. मोहीम आणि यंत्रणा यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

५. द्रव्यबळ

या यंत्रणेची नाडी सदैव अर्थसंकल्पाच्या हाती होती. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य मंडळाने काउंट्यांना साहाय्य दिले ते दरवर्षी घटत जाणाऱ्या प्रमाणात. काउंटीने आपला वाटा तसतसा वाढवावयाचा, ही त्यातील अट. हेतू स्वावलंबनाचा होता. परंतु गरीब काउंटीत रोग अधिक आणि कराचे उत्पन्न कमी, हे दुष्टचक्र त्या अटीने सुटले नाही. १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुरानंतर केंद्राच्या व प्रतिष्ठानाच्या मदतीने पूरग्रस्त भागात अनेक नवे विभाग निघाले. तरी १९३४ मध्ये देशातील सुमारे ३०७० काउंट्यांपैकी केवळ ५४० च्या आसपास काउंट्यांत पूर्णवेळ सेवा होती. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने राज्यांना या कामासाठी प्रतिवर्षी ऐंशी लक्ष डॉलरपर्यंत अनुदानाची सोय केली आणि १९४२ पर्यंत हा आकडा अठराशेच्या पुढे गेला. १९४५ मध्ये हेवन इमर्सन यांच्या समितीने लहान काउंट्या एकत्र करून सुमारे बाराशे सक्षम घटकांत सर्व देश बसवावा, असे सुचविले. परंतु स्थानिक स्वामित्वाची भावना प्रबळ असल्याने ही योजना समग्र अमलात आली नाही.

६. मेकन काउंटी : जवळिकीची दुसरी बाजू

येथवरच्या विवेचनावरून काउंटी मंडळाचे सामर्थ्य त्याच्या जवळिकीत होते, असे म्हणता येईल. परंतु मंडळ जवळचे असले, तरी ते कोणाला जबाबदार आहे हा प्रश्न त्याने सुटत नाही. अलाबामा राज्यात १८७५ च्या कायद्यानुसार वैद्यकीय संघटना हेच राज्याचे आरोग्य मंडळ आणि काउंटीतील वैद्यांची सभा हेच काउंटीचे आरोग्य मंडळ होते. अशा रचनेत रोगी असलेल्या समाजाला मंडळात स्थान नव्हते. आणि त्या काळच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मताचा अधिकारही व्यवहारतः नव्हता.

या राज्यातील मेकन काउंटीत रोझेनवाल्ड निधीच्या साहाय्याने उपदंशाची तपासणी व उपचार यांचा एक प्रयोग झाला होता. तेथे तपासलेल्या कृष्णवर्णीय लोकांपैकी शेकडा सुमारे ३५ जणांत रोगाचा पुरावा मिळाला. आर्थिक मंदीत निधीची मदत थांबली. उपचार चालू ठेवण्याऐवजी केंद्रीय आरोग्यसेवेने १९३२ मध्ये तेथे रोगाची नैसर्गिक वाटचाल पाहण्याचे काम सुरू केले. त्यात ३९९ रोगग्रस्त व २०१ निरोगी कृष्णवर्णीय पुरुषांची नोंद होती. त्यांना रोगाचे खरे नाव सांगितले गेले नाही. महायुद्धाच्या काळात सैन्यभरतीतील सक्तीच्या उपचारातून त्यांची नावे वगळण्यात आली. पेनिसिलीन हा सर्वमान्य उपाय ठरल्यावरही तो त्यांना दिला गेला नाही. हे सर्व काउंटीतील वैद्य, परिचारिका आणि आरोग्य विभाग यांच्या सहकार्यावाचून चालणे शक्य नव्हते. लोक तपासणीस येत ते याच ओळखीच्या माणसांवरील विश्वासाने. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून हा प्रकार उघडकीस आला, तेव्हा तो थांबला. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

ही घटना काउंटी यंत्रणेला झालेला अपघात म्हणून बाजूस सारणे इतिहासदृष्ट्या योग्य होणार नाही. घरोघरची माहिती, नेमाची भेट आणि परिचारिकेवरील विश्वास या ज्या साधनांनी सुइणींचे शिक्षण आणि लसटोचणी साधली, तीच साधने येथे वापरली गेली. फरक पडला तो साधनांत नव्हे, तर त्यांचा विनियोग ठरविणाऱ्या सत्तेत.

७. समारोप

काउंटीच्या या अनुभवाचा धागा भारतापर्यंत येतो. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीचे एक सभासद जॉन बी. ग्रँट हे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या सेवेतील होते आणि त्यांनी कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेचे संचालकपद भूषविले होते. १९४६ च्या अहवालात समितीने जिल्हा हा आरोग्यसंघटनेचा घटक मानून त्याखाली प्राथमिक केंद्रांची योजना केली. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे आली. वैद्यांच्या सभेऐवजी निवडून आलेल्या प्रतिनिधींची समिती आरोग्याच्या कारभारावर असणे, हा अलाबामाच्या रचनेहून मूलभूत भेद आहे. तो आपोआप सुरक्षिततेची हमी देतो असे मात्र नव्हे.

काउंटी आरोग्य मंडळाच्या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, रोग मोहिमेने हटतो पण यंत्रणेनेच हटलेला राहतो. आणि यंत्रणा म्हणजे पूर्णवेळ माणूस, नियमित नोंद आणि दरवर्षी मंजूर होणारा खर्च. दुसरी ही की, ज्यांच्या आरोग्यासाठी मंडळ असते त्यांना मंडळास जाब विचारता आला पाहिजे. रॉबेसनने पहिली गोष्ट सिद्ध केली. दुसरीची किंमत मेकन काउंटीतील सहाशे माणसांनी व त्यांच्या कुटुंबांनी चाळीस वर्षे मोजली.