गवत, गाय आणि दूध

मंडळी, अणुभट्टीत अपघात झाला म्हणजे जवळची माणसे भाजून मरतात, एवढेच आपण धरून चालतो. आजची गोष्ट मात्र गवताची, गाईची आणि दुधाची आहे. गुरे पाळणाऱ्यांना ती लवकर उमजेल.

२६ एप्रिल १९८६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, युक्रेनमधील चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. युक्रेन तेव्हा सोव्हिएत संघात होते. भट्टीतले किरणोत्सर्गी आयोडीन वाऱ्याबरोबर पसरले आणि कुरणांवर बसले. गाईने ते गवत खाल्ले की आयोडीन दुधात उतरते, आणि दूध पोरांच्या पोटात. तिथून ते जाते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत. तिला आयोडीन लागतेच. चांगले कोणते नि घातक कोणते, हे त्या बिचारीला काय कळणार! मुलांची ग्रंथी लहान, म्हणून मारा अधिक. त्यातून त्या मुलखाच्या अन्नपाण्यात मुळातच आयोडीन कमी; ग्रंथी भुकेलेलीच होती.

हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते. म्हणजे दोनतीन महिने दूध टाळले असते तरी पुष्कळ होते. ही माहिती काही नवी नव्हती. १९५७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडात विंडस्केलच्या भट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे पाचशे चौरस किलोमीटर मुलखातले दूध काही आठवडे ओतून टाकले होते. चेर्नोबिलनंतर शेजारच्या पोलंडने एक कोटीवर मुलांना साधे आयोडीन पाजले. ग्रंथी आधीच भरली की घातक आयोडीनला जागा उरत नाही. भट्टीजवळचे प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी रिकामे केले, पण कितीतरी खेड्यांत वेळेवर कुणी सांगितलेच नाही. पोरे घरच्या गाईचे दूध पीत राहिली.

चारएक वर्षांत बेलारूसमधील डॉक्टरांकडे या ग्रंथीचा कर्करोग झालेली मुले येऊ लागली. एरवी मुलांत हा रोग फार विरळा. १९९२ साली त्यांनी हे 'नेचर' नियतकालिकात मांडले, तेव्हा बाहेरच्या काही शास्त्रज्ञांना ते पटेना. इतक्या लवकर कसा होईल? पण आकडे वाढतच गेले. अपघाताच्या वेळी अठरा वर्षांखालील असलेल्यांपैकी, २००५ पर्यंत बेलारूस, युक्रेन व रशियाच्या बाधित भागांत सहा हजारांवर जणांना हा रोग झाला. सगळाच दुधामुळे नव्हे, पण मोठा वाटा त्याचाच. तोवर दगावले पंधरा. बाकीचे बहुतेक शस्त्रक्रियेने वाचले. मग काय बिघडले, असे कुणी म्हणेल.

गळ्यावर आडवा व्रण राहिला. त्याला लोक 'चेर्नोबिलचा हार' म्हणतात. ग्रंथी काढली, की तिचे काम करणारी गोळी जन्मभर रोज घ्यावी लागते. तेव्हा चार वर्षांची असलेली पोरे आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, आणि सकाळी उठल्यावर आधी ती गोळी घेतात.