नेपाळची उघडी सीमा आणि आईचे आधार कार्ड

तीन वर्षांपूर्वी आईला पशुपतिनाथाच्या दर्शनाला नेत होतो. दिल्ली विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने तिचे आधार कार्ड परत केले. "हे चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार कार्ड दाखवा." मतदार कार्ड इंदूरला, कपाटात. नेपाळला काहीच लागत नाही, असे घरात मीच छातीठोक सांगितले होते. आणि मी सरकारी नोकर!

ऐकीव गोष्ट अगदीच खोटी नव्हती. गोरख्यांशी झालेल्या युद्धानंतर १८१६ च्या सुगौली तहाने आजच्या सीमेची बरीचशी रेघ ठरली. पण इंग्रजांना फौजेत गोरखे हवे होते, त्यामुळे माणसांची ये-जा चालूच राहिली. स्वतंत्र भारताने ३१ जुलै १९५० रोजी नेपाळशी करार केला. त्याच्या सातव्या कलमाने एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची आणि फिरण्याची मोकळीक दिली. करारावर नेपाळकडून पंतप्रधानांची सही आहे, आपल्याकडून राजदूताची. तिकडच्या लोकांना हे अजून सलते. तरी सुमारे १,७५० किलोमीटरच्या या सीमेवर आजही व्हिसा नाही. तराईत तर सोयरिकीच पलीकडच्या गावांत होतात.

कागदाची सक्ती आली ती विमानामुळे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आयसी ८१४ चे अपहरण झाले आणि ते कंदाहारला नेण्यात आले. पुढे १ ऑक्टोबर २००० पासून विमानाने जाणाऱ्यांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र आवश्यक ठरले.

आधार का चालत नाही, हे निदान मला तरी कळायला हवे होते. ते रहिवाशाला मिळते. १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही मिळू शकते. मतदार मात्र भारतीय नागरिकच असतो आणि करारातली मोकळीक नागरिकांसाठी आहे. २०१९ मध्ये १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना आधारची सूट मिळाली. आई ६३ वर्षांची. म्हातारी व्हायला दोन वर्षे कमी पडली, असे तीच म्हणाली.

तिकिटाचे पैसे बुडाले. रेल्वेने रक्सौल गाठले आणि टांग्याने बीरगंज. वाटेत एका शिपायाने पिशवीत डोकावून पाहिले; आत दशम्या आणि चटणी. आईने आधार कार्ड हातातच धरले होते. ते कोणी मागितलेच नाही.