लस होडीतून जाते तेव्हा

मैत्रिणींनो, पिंपळे सौदागरात आम्ही पवनेकाठी राहतो. इथे पूल आहेत, रिक्षा आहेत. तरी बाळाच्या लसीची तारीख कधी चुकतेच. मग नर्मदाकाठच्या आयांचं काय होत असेल?

आपल्या देशात देवीची पहिली लस मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली. १९७७ मध्ये देश देवीमुक्त झाला. पण लस दारापर्यंत नेण्याचं काम संपलेलं नाही.

नंदुरबारच्या अक्कलकुवा-अक्राणी भागात सरदार सरोवराच्या पाण्याचा फटका ३३ गावांना बसला. पायवाटा बुडाल्या, पाडे डोंगरावर उरले. लस २ ते ८ अंशांत थंड ठेवावी लागते, म्हणून बर्फाची पेटी होडीतूनच न्यायची. होडी चुकली, की आईची मजुरीही बुडते आणि लसही.

२०२० मध्ये चिमलखेडीच्या अंगणवाडीताई रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर गेल्या. बाळांची वजनं केली, आहार पोचवला.

'बायका ऐकत नाहीत' म्हणण्याआधी वाट पाहूया. आपल्याकडे बांधकामावर आलेल्या आईलाही सांगूया: लसीचं कार्ड हरवलं तरी बाळाला लस मिळते. चल, आम्ही सोबत येतो.