भारनियमन आणि सिगटर्म

वऱ्हाडात सी भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं विसरता येत नाहीत. अमरावती काय, अकोला काय, वीज तासन्‌तास जायची. बॅटरी संपत आली की प्रयोगशाळेतला यूपीएस केबलमधून लिनक्सला तसं कळवायचा. लिनक्स मग प्रत्येक प्रोग्रॅमला आधी सिगटर्म, म्हणजे १५ क्रमांकाचा सिग्नल पाठवी, काही सेकंद थांबे, आणि उरलेल्यांना ९ क्रमांकाच्या सिगकिलनं संपवी. त्या मधल्या सेकंदांत फाइल नीट लिहून बंद करणं, हे खरं कसब.

टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलेल्या पोरांना हे नवं होतं. गेटच्‌सारखी सोय हवी म्हणून ती लिनक्समध्ये टर्मिनलचा एको बंद करत. कंट्रोल-सी हाही एक सिग्नलच. तो दाबला की प्रोग्रॅम मरे, टर्मिनल मात्र तसंच राही. टाइप केलेलं काही दिसेना. "सर, कीबोर्ड गेला जी!" मग न दिसताच 'एसटीटीवाय सेन' टाइप करून एंटर मारायचं.

सिग्नलचं हे दुखणं जुनं आहे. बेल लॅब्जच्या १९७९ च्या सातव्या युनिक्समध्ये सिग्नल आला की त्याला उत्तर देणाऱ्या फंक्शनची, म्हणजे हँडलरची, नोंद पुसली जाई. ती पुन्हा करण्याआधी दुसरा कंट्रोल-सी आला तर प्रोग्रॅम तिथंच खलास. १९८३ मध्ये ४.२ बीएसडीनं हे सुधारलं, १९८८ मध्ये पॉसिक्सनं सिगॲक्शन प्रमाण केलं. म्हणजे बीएसडीची सुधारणा आमच्या अमरावती विद्यापीठाच्याच वयाची, तरी मुलं अजून जुनं सिग्नल फंक्शनच लिहितात. याचं मला फार वाईट वाटतं.

हँडलरमध्ये प्रिंटएफ, मॅलॉक नकोच. मॅलॉकचं काम अर्ध्यावर असताना सिग्नल आला आणि हँडलरनं पुन्हा मॅलॉक मागितलं, तर प्रोग्रॅम कायमचा अडकू शकतो. व्होलाटाइल सिग_ॲटॉमिक_टी प्रकारच्या एका चलात १ ठेवायचा आणि परतायचं. मुख्य लूप तो १ पाहून फाइल बंद करील, टीसीसेटॲटरनं टर्मिनल पूर्ववत करील. एसए_रीस्टार्ट मात्र लावू नये. लावला तर अडून बसलेला रीड पुन्हा वाट पाहू लागतो आणि तो १ कुणी वाचतच नाही.

आता भारनियमन पूर्वीसारखं नाही, पण सिगटर्म आहेच. डॉकर एरवी १० सेकंद थांबतो, सिस्टमडी ९०, मग सिगकिल. अमरावती-अकोल्यात सी शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे : सिगॲक्शनचं एक प्रॅक्टिकल जर्नलमध्ये घ्याच.