शिक्का नसलेलं पत्र

मंडळी, आजचा विषय जुनी तिकिटं आणि जुनी पाकिटं असा जाहीर झालाय. पण आम्ही बोलणार आहोत ते बहुतांशी तिकीट नसलेल्या पत्रांबद्दल. एकोणिसाव्या शतकात सरकारी टपालाच्या बरोबरीने, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून, आपल्याकडे खासगी टपाल चालत होतं. सावकार, पेढीवाले, आडते यांची स्वतःची माणसं पत्रं नेत-आणत. ते कागद आज बाजारात येतात, संग्राहक घेतात, पैसेही बरे मोजतात. आमचा प्रश्न साधा आहे. घडी घातलेला एक जुना कागद समोर आला, पत्ता मोडीत किंवा महाजनी अक्षरात, वर तिकीट नाही, शिक्का नाही, आणि विकणारा म्हणतो, "ही खासगी डाक आहे, रेअर आहे." तर ते खरं कशावरून?

आधी ही डाक किती जोरात होती ते बघू. जानेवारी १७६१. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, मुक्काम नर्मदेच्या आसपास. पानिपतावर काय झालं याची पक्की बातमी नाही. अशात एक कासीद सापडतो. तो पेशव्यांचा नव्हे, सावकारांचा. पानिपताकडून औरंगाबादच्या पेढीला पत्र घेऊन चाललेला. पत्र फोडतात, आणि त्यात मोती, मोहरा, रुपये, खुर्दा अशा हिशेबाच्या भाषेत संहाराची बातमी असते. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो आणि रडतो, पण तिच्यातली टपालाची बाजू कोणी बघत नाही. दौलतीच्या धन्याला बातमी मिळाली ती सावकाराच्या डाकेतून! आणि त्या पत्रावर शिक्कामोर्तब काही असण्याचं कारणच नव्हतं. पाठवणारा आणि घेणारा दोघेही कासिदाला ओळखत होते, तेवढं पुरे होतं.

शब्दांचंही थोडं सांगायला हवं. 'जासूद' म्हटलं की आज आपल्याला हेर आठवतो, पण पेशवाईच्या कागदांत जासूद बरेचदा नुसता पत्र नेणारा असतो. त्याच्या मजुरीला 'अजुरा' म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अंगड्या म्हणजे आजचा आंगडिया. हा मुख्यतः नाणं, जडजवाहीर, हुंड्या आणि त्यांच्यासोबतची पत्रं नेणारा. कासीद पायी पळायचा, अंगड्या पुढे रेल्वेत बसला. अंधेरी-बोरीवलीवरून जाणारी बीबीसीआयची लाइन १८६४ अखेरीस मुंबईला अहमदाबादशी जोडून मोकळी झाली, आणि गुजरातची वाट एका रात्रीवर आली. आजही सुरतेचे हिरे त्याच लाइनीवरून आंगडियाच्या कमरेला बांधून येतात.

व्यापाऱ्यांच्या पत्रांवर, विशेषतः मारवाडी-गुजराती पेढ्यांच्या, एक आकडा दिसतो: ७४॥, म्हणजे साडेचौऱ्याहत्तर. कर्नल टॉडने त्याची कथा नोंदवली आहे. अकबराने चितोड घेतलं तेव्हा पडलेल्या रजपुतांच्या जानव्यांचं वजन साडेचौऱ्याहत्तर मण भरलं. हा आकडा घातलेलं पत्र जो भलता माणूस फोडील त्याला त्या हत्येचं पाप. कथा खरी मानायची गरज नाही, आम्हीही मानत नाही. पण सरकारी लाखेच्या जागी इथे शपथ आहे, हे बघण्यासारखं आहे. मात्र या आकड्यावरून डाक खासगी ठरत नाही, बरं का. सरकारी टपालात टाकलेल्या पत्रावरही व्यापारी सवयीने तो लिहीतच.

आता कायदा. १८३७ च्या सतराव्या ॲक्टने कंपनी सरकारने ठरवलं की आपल्या मुलखात भाडं घेऊन पत्रं नेण्याचा हक्क एकट्या सरकारचा. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला धंदा एका कलमाने गुन्हा झाला. तो लगेच बंद पडला असं समजू नका. सरकारी दर अंतराप्रमाणे आणि वजनाप्रमाणे वाढत जायचे, आणि देशी संस्थानांत, विशेषतः राजपुतान्यात, महाजनी डाक पुढेही उघड चालत राहिली. आमच्या मते खरा घाव बसला तो १ ऑक्टोबर १८५४ ला. पाव तोळ्यापर्यंतचं पत्र, अर्ध्या आण्याचं तिकीट, अंतर कितीही. बंदीला वाटा काढता येतात, अर्ध्या आण्याला कोण स्पर्धा करणार?

याच्या दोन वर्षं आधी, १८५२ मध्ये, मुंबई इलाख्यातल्या सिंधमध्ये बार्टल फ्रिअरने 'सिंध डाक' तिकीट काढलं. अर्ध्या आण्याचंच, गोल, उठावाचं. आशियातलं पहिलं चिकट तिकीट. त्याचा लाखेचा लाल प्रकार इतका ठिसूळ की धड राहिलेले नग मोजकेच. पुष्कळ लोक हे तिकीट 'प्रायव्हेट लोकल' समजून दाखवतात. ते स्थानिक होतं हे खरं, पण सरकारी होतं.

खासगी म्हणून जगभर ज्याची पाकिटं शोधली जातात असा, मुंबईशी संबंध असलेला माणूस म्हणजे टॉमस वॅगहॉर्न. १८२९ च्या ऑक्टोबरात तो लंडनहून कागदपत्रं घेऊन निघाला, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यासाठी. सुएझला ठरलेली आगबोट आलीच नाही. या पठ्ठ्याने उघडी होडी केली, तांबड्या समुद्रातून जिद्दापर्यंत गेला, आणि मार्च १८३० मध्ये मुंबईला पोचला. पुढे त्याने इजिप्तच्या वाटेने पत्रं पोचवण्याची स्वतःची एजन्सी काढली आणि पत्रांवर 'केअर ऑफ मिस्टर वॅगहॉर्न' असा शिक्का मारू लागला. १८५० मध्ये तो कर्जातच वारला. पण शाईचा तो शिक्का कागदावर राहिला, म्हणून आज कॅटलॉगमध्ये त्याला जागा आहे. त्याच काळात मुंबईहून सुरतेला धावणाऱ्या कासिदाला कॅटलॉगमध्ये जागा नाही, कारण त्याने शिक्का मारला नाही. मुंबईच्या जाल कूपर यांनी भारतातल्या सुरुवातीच्या शिक्क्यांवर मोठं काम केलं, ते आम्ही अजून उघडतो. पण तेही शेवटी टपाल खात्याच्या शिक्क्यांचंच शास्त्र.

इथे आमचं मूळ दुकान उघडावं लागतं. माफ करा, तत्त्वज्ञानाचा मास्तर किती वेळ गप्प बसणार? भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती 'अनुपलब्धी' नावाचं एक प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण त्यांनी एक अट घातली आहे. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. याला म्हणतात योग्यानुपलब्धी.

आता हा नियम आपल्या कागदाला लावा. शिक्का नाही, म्हणून सरकारी डाक नाही. हे केव्हा म्हणता येईल? त्या गावी, त्या साली, सरकारी टपालात गेलेल्या प्रत्येक पत्रावर शिक्का पडतच होता हे ठाऊक असेल तर. शिवाय अनेक पत्रं एकाच वेष्टनात घालून पाठवत. शिक्का पडायचा वेष्टनावर, आणि वेष्टन तर लोक फेकून देतात.

पुढची अडचण याहून मोठी आहे. सरकारी नाही म्हणजे धंदेवाईक खासगी डाक, हेही सिद्ध होत नाही. १८९८ चा टपाल कायदा काढून बघा. मक्तेदारीच्या कलमातच अपवाद दिले आहेत: वाटेने जाणाऱ्या मित्राने फुकट नेलेलं पत्र, स्वतःच्या कामासाठी मुद्दाम धाडलेल्या माणसाबरोबरचं पत्र, आणि मालाबरोबर जाणारं त्या मालाचं पत्र. म्हणजे बिनशिक्क्याचा कागद काकांनी येता येता आणलेला असू शकतो, तेलाच्या डब्यांबरोबर गाडीवानाने आणलेला असू शकतो. भाडं घेऊन चालणारी डाक या सगळ्यांतून वेगळी काढायची कशी? कागदाकडे कितीही वेळ बघून ते कळणार नाही. फोर्टातल्या एका विक्रेत्याने आम्हाला असाच कागद दाखवून चढी किंमत सांगितली होती. पुरावा विचारला तर म्हणाला, "सर, शिक्का नाही हाच पुरावा." कुमारिल भट्टांनी त्याला वर्गाबाहेर काढला असता.

खरा पुरावा पत्राच्या शेजारी असतो. मजकुराखाली लिहिल्याची मिती असते. पाठीवर घेणाऱ्याने पोचल्याचा दिवस टिपलेला असतो. जुन्या मराठी पत्रांत त्याला पैवस्ती म्हणतात. दोन्हींतलं अंतर काढलं की प्रवासाचे दिवस निघतात. एकाच पेढीची वीस पत्रं तेवढ्याच दिवसांत पोचलेली दिसली, तर नियमित धावणारं कोणीतरी आहे असा तर्क करता येतो. आणि सर्वांत पक्कं म्हणजे पेढीची चोपडी. तिच्यात त्या तारखेला कासिदाचा अजुरा खर्ची पडलेला असेल तर प्रश्न मिटला. माणूस भाड्याचा होता, पैसे दिले होते, हे लिहिलेलं आहे.

आणि नेमकी हीच जोडी आपण आज तोडतोय. मांडवी, मशीद बंदर, काळबादेवीच्या पेढ्यांची कुटुंबं विसाव्या शतकात घाटकोपर, मुलुंड, बोरीवलीकडे राहायला आली. येताना ट्रंका आणल्या, त्या पोटमाळ्यावर गेल्या. आता इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत, चार दिवसांत घर रिकामं करायचं असतं, आणि नव्या फ्लॅटला पोटमाळा नसतो. आमच्या माहितीतल्या एका घरात पत्रांचा गठ्ठा निघाला, लाल कापडी बांधणीच्या जाडजूड चोपड्याही निघाल्या. मुलाने विचारपूस केली. पत्रांना गिऱ्हाईक मिळालं, चोपड्यांना नाही. चोपड्या रद्दीत किलोने गेल्या. आम्ही पोचलो तेव्हा पत्रंही तीन वेगवेगळ्या लोकांना विकून झाली होती. त्या मुलाला दोष कसा द्यायचा? त्याला दर सांगणारे सगळे सुट्या नगाचा दर सांगणारे होते.

इथे संग्राहकांवर आमचा सरळ आरोप आहे. गठ्ठ्यातून 'देखणा' नग उचलायचा, बाकी सोडायचं, ही सवय तिकिटांच्या अल्बममधून आली. तिकीट सुटं असलं तरी त्याच्यावर किंमत आणि देश छापलेला असतो, ते स्वतःची ओळख सांगतं. सावकारी पत्र तसं सांगत नाही. जर्मनीत १९०० पर्यंत शहरोशहरी खासगी टपाल कंपन्या होत्या, त्यांनी रंगीबेरंगी तिकिटं काढली, त्यांतली पुष्कळशी संग्राहकांचा खिसा बघूनच. अमेरिकेत पोनी एक्स्प्रेस जेमतेम दीड वर्ष चालली, पण तिच्या पत्रांवर ठसे आहेत. तिकडचे नियम इथल्या बिनठशाच्या कागदाला लावले की कागद मुका होतो. आणि मुक्या कागदाच्या तोंडी कोणीही काहीही घालावं.

तेव्हा एवढं करा. घरात असा गठ्ठा निघाला तर दोरा सोडण्याआधी फोटो काढा. कुठला कागद कुठल्या कागदावर होता तो क्रम लिहून ठेवा. मोडी येत नसेल तर वाचणारे मुंबई-पुण्यात आहेत, मोडीचे वर्गही चालतात. चोपडी आणि पत्रं वेगळी करू नका, विकायचीच असली तर एकत्र विका, आणि घेणाऱ्याला तशी अट घाला. भाव थोडा कमी येईल, येऊ दे.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. १८९८ चा तो कायदा आता नाही. त्याच्या जागी २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, आणि पत्रं नेण्याची सरकारची मक्तेदारी त्यात ठेवलेली नाही. तिकीट छापण्याचा हक्क तेवढा सरकारने आपल्याकडे ठेवला. १८३७ पासून गुन्हेगार असलेला कासीद, एकशे सत्त्याऐंशी वर्षांनी, निर्दोष सुटला. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या बाजूच्या मंडळींनी जरा मोठ्याने विचारा.