जुना गेमिंग पीसी: अपग्रेड करायचा की नवा घ्यायचा?
कोडोलीहून कोल्हापूरला पार्ट आणायला निघण्याआधी घरीच एक टेस्ट करा. गेमचं रिझोल्यूशन कमी करा. एफपीएस चांगले वाढले, तर ग्राफिक्स कार्ड थकलंय. फक्त तेच बदला, पण एसएमपीएस किती वॅटचा आहे ते आधी बघा.

एफपीएस वाढलेच नाहीत, तर बहुतेक प्रोसेसर कमी पडतोय. एएम४ बोर्ड असेल तर बायोस अपडेट करून बऱ्याच जुन्या बोर्डांवर रायझन ५००० बसतो, डीडीआर४ रॅम तीच चालते. इंटेल चौथी पिढी असेल तर नव्या प्रोसेसरसोबत बोर्ड आणि डीडीआर३ रॅमही बदलावी लागते. शिवाय विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि विंडोज ११ च्या यादीत ही पिढी नाही. मग नवाच घ्या. एसएसडी, मॉनिटर मात्र जुनेच चालतील.