कायरोप्रॅक्टरची कमाई कशी होते आणि रुग्णाला ते का माहीत असावे?

चिरेखाणीत काम करणारे असोत की आंब्याच्या पेट्या उचलणारे, गुहागरात पाठ धरलेला माणूस हल्ली विचारतो, "डॉक्टर, मुंबईला कायरोप्रॅक्टरकडे जाऊ का?" मोबाइलवर मान कट्कन वाजवल्याचा व्हिडिओ त्याने पाहिलेला असतो. जाण्याआधी या व्यवसायाचे पोट कशावर चालते, ते समजून घ्या.

मणके आणि सांधे हातांनी, नेमक्या झटक्याने हलवण्याची ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिथे साधारण चार वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आणि राज्याचा परवाना लागतो. नोकरीतल्या कायरोप्रॅक्टरची मध्यम वार्षिक कमाई २०२३ मध्ये सुमारे ७६,५०० डॉलर होती.

हा आकडा आपल्याकडे लागू पडत नाही. भारतात फिजिओथेरपिस्टसाठी कायदा आहे (२०२१ चा केंद्रीय कायदा, शिवाय महाराष्ट्राची राज्य परिषद), पण कायरोप्रॅक्टिकसाठी तशी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे परदेशातून रीतसर शिकून आलेला आणि चार दिवसांचे शिबिर केलेला, दोघेही तीच पाटी लावू शकतात. ठरलेली वेतनश्रेणी नाही, रुग्णालयात पगारी जागा क्वचितच. उत्पन्न बहुधा दर बैठकीमागे मिळते. रुग्ण आला नाही तर त्या दिवशी शून्य, शहरातल्या जागेचे भाडे मात्र चालूच. दिवसभर वाकून जोर लावल्याने त्यांचे स्वतःचे मनगट, अंगठे आणि कंबरही दुखते. गावातल्या हाडवैद्याचे तरी काय वेगळे? कोणी देईल ते घ्यायचे, आणि आजारपणात कमाई बंद.

म्हणूनच पहिल्याच भेटीत "दहा बैठकांचे पॅकेज घ्या" असे ऐकू येते. यात दर वेळी लबाडी असते असे नाही. पण त्या पॅकेजचा संबंध तुमच्या पाठीपेक्षा त्यांच्या भाड्याशी जास्त असू शकतो. अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत, हालचाल चालू ठेवल्याने, आपोआप बरी होते. मग दहाव्या बैठकीला श्रेय मिळते. पैसे एका वेळचे द्या, आणि तीन-चार वेळांत फरक नसेल तर थांबा. शिक्षण कुठे झाले, नोंदणी कसली, हे विचारायला संकोच करू नका. नीट शिकलेला माणूस रागावत नाही. आणि तो 'कट्' आवाज म्हणजे सांध्यातल्या द्रवात होणारा वायूचा बुडबुडा. हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

मानेला झटका देऊन घेण्याबाबत मी सावधच आहे. मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. दुर्मिळ, पण भरून न येणाऱ्या. हाडे ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर झटका नकोच. साध्या कंबरदुखीसाठी रात्रभर एसटीत आदळत मुंबई गाठण्यापेक्षा चिपळूणचा नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट बरा, तो घरी करायचे व्यायामही शिकवतो.

मात्र लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, तर कोणाकडूनही पाठ चोळून न घेता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा पडल्यानंतर दुखू लागले असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.